रेल्वेचा राइट आउट, दोन्ही बड्या क्लबांचा प्रशिक्षक: पी. के. बॅनर्जी

कूपरेजकर

आशियाई खेळांत भारताने फुटबॉलचं शेवटचं सुवर्ण जिंकलं ते १९६२ साली, जकार्ताला. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध पहिला गोल प्रदीप कुमार बॅनर्जींचा. त्या खेळांतलं आपलं शेवटचं फुटबॉल पदक म्हणजे १९७० चं बँकॉकचं कांस्य. त्या संघाच्या प्रशिक्षकांमध्ये पुन्हा बॅनर्जी. ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये भारत शेवटचा उतरला तो १९६० ला रोममध्ये, आणि तिथे कर्णधार तेच.

तिन्ही ठिकाणी एकच माणूस उभा आहे. तरी मराठीत त्यांच्यावर सलग लिहिलेलं मला फारसं सापडत नाही, म्हणून हा धागा.

जन्म २३ जून १९३६, जलपायगुडीकडच्या मयनागुडीचा. वाढले जमशेदपूरला. शाळकरी वय सरता सरता बिहारकडून संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्यांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा खेळले. १९५४ ला कोलकात्यात आर्यन क्लबकडे आले, पुढच्या वर्षी ईस्टर्न रेल्वेत गेले आणि १९६७ ला दुखापतींनी बूट उतरवायला लावेपर्यंत तिथेच राहिले. जागा राइट आउटची, म्हणजे उजव्या कडेच्या फॉरवर्डची. चुनी गोस्वामी, तुलसीदास बलराम आणि पी. के. ही तीन नावं तेव्हा एका दमात घेतली जायची.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला भारत चौथा आला. ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं, त्यात आपल्या मुंबईच्या नेव्हिल डिसूझाची हॅटट्रिक होती. उजव्या बाजूला वीस वर्षांचे पी. के. होते. रोमला फ्रान्सशी १-१ बरोबरी झाली, तो भारताचा गोल त्यांचा.

जकार्ताबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते त्यांच्यातला प्रशिक्षक तिथे घडला. इस्रायल आणि तैवानला यजमानांनी येऊ दिलं नाही. त्यावर भारताचे गुरुदत्त सोंधी उघड बोलले आणि सगळं शहर भारतीयांवर उलटलं. आपल्या वकिलातीवर जमाव चालून गेला. अंतिम सामन्याला लाखभर माणसं आपल्या विरोधात ओरडत होती. साखळीत याच कोरियाने आपल्याला ०-२ हरवलं होतं. आपले प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी काय केलं? जर्नेलसिंग हा मूळचा बचावपटू, डोक्याला टाके पडलेले. त्याला त्यांनी पुढे सेंटर फॉरवर्डला खेळवलं. सतराव्या मिनिटाला पी. के., विसाव्याला जर्नेल. शेवटी २-१. पुढच्याच वर्षी रहीमसाहेब कर्करोगाने गेले.

विरोधात गेलेलं मैदान, टाके घातलेला माणूस आणि त्याला उभं करणारा प्रशिक्षक, हे सगळं पी. के. यांनी सव्विसाव्या वर्षी जवळून पाहिलं. पुढे त्यांच्या ड्रेसिंग रूममधल्या बोलण्याला कोलकात्याच्या वर्तमानपत्रांनी 'व्होकल टॉनिक' नाव दिलं आणि ते कायमचं चिकटलं. माझं म्हणणं एवढंच, की या एका नावाने त्यांच्या कामावर अन्याय झाला. नुसत्या भाषणाने कोणी दशकभर करंडक जिंकत नाही. तुम्हाला काय वाटतं?

रुळावरचा

फार चांगला विषय. मी रेल्वेतच आहे, म्हणून एका मुद्द्यावर थांबतो. हा माणूस खेळाडू म्हणून ना मोहन बागानकडे गेला, ना ईस्ट बंगालकडे. त्या काळी कोलकात्यात याचा अर्थ काय होता हे आज लक्षात येत नाही. देशातला पहिल्या तिघांतला फॉरवर्ड, आणि तो बड्या क्लबांना नाही म्हणून रेल्वेत राहतो.

घरातला थोरला मुलगा, पाठीमागे भावंडं. क्लब हंगामापुरते पैसे देत, रेल्वे कायमची नोकरी देत होती. खेळाच्या कोट्यातून भरती झालेल्या कोणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. गुडघा गेला की क्लबचं दार बंद, पण पगार एक तारखेला येतोच.

आणि या संघाने १९५८ ला कलकत्ता लीग जिंकली! बाघा सोम प्रशिक्षक होते. मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहमेडन स्पोर्टिंग या तिघांना मागे टाकून. त्यानंतर या तिघांबाहेरचा विजेता उगवायला २०१९ साल उजाडलं, पीअरलेसने जिंकली तेव्हा. मधे ६१ वर्षं गेली.

पेठेतला_विंगर

रुळावरचा, नाद खुळा माहिती भावा. कोल्हापुरात आमच्याकडं पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ सोडून तिसऱ्याच छोट्या संघाने शाहू स्टेडियमवर हंगाम मारला तर गाव महिनाभर तेवढंच बोलतंय. तिथं तर अख्खं कोलकाता.

माझा प्रश्न वेगळा आहे. विंगर चांगला प्रशिक्षक होतो का? मी पोरांना शिकवतो, मला नेहमी वाटतं की मधल्या फळीत खेळलेल्याला सगळं मैदान दिसतं. कडेला खेळणाऱ्याला रेषा आणि समोरचा बॅक एवढंच. पी. के. प्रशिक्षण कुठं शिकले?

कूपरेजकर

१९६९ ला जपानमध्ये फिफाचा प्रशिक्षकांसाठी अभ्यासक्रम झाला, तिथे. शिकवायला डेटमार क्रामर होते. हे जर्मन गृहस्थ जपानी फुटबॉलचे घडवणारे मानले जातात. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये जपानने कांस्य घेतलं, त्यामागे त्यांची अनेक वर्षांची मेहनत होती. पुढे बायर्न म्युनिकला त्यांनी १९७५ आणि १९७६ असा लागोपाठ युरोपियन कप जिंकून दिला. म्हणजे आपल्या माणसाने त्या काळातल्या अगदी वरच्या पातळीच्या शिक्षकाकडून धडे घेतले. 'टॉनिक'वाले हे सांगत नाहीत.

विंगरबद्दल तुमचं निरीक्षण खरं असेलही. पण राइट आउटला एक गोष्ट पक्की कळते: चेंडू आपल्यापर्यंत येत नाही तेव्हा काय वाटतं. संघातला दुर्लक्षित माणूस ओळखण्याची त्यांची नजर तिथून आली असावी असा माझा अंदाज.

शर्वरी_बालीगंज

लग्नानंतर कोलकात्याला आले आणि सासरी फुटबॉल शिकले. आमच्या घरात दोन्ही रंग आहेत. सासरे लाल-पिवळे, म्हणजे ईस्ट बंगालचे; सासूबाई हिरव्या-मरून, म्हणजे मोहन बागानच्या. बड्या सामन्याच्या, म्हणजे या दोघांच्या लढतीच्या दिवशी स्वयंपाकघरात ईस्ट बंगालचा इलिश मासा येणार की मोहन बागानची चिंगडी (कोळंबी), हे निकाल लागल्यावर ठरतं.

सासऱ्यांच्या तोंडी पी. के. म्हणजे १९७२ ते १९७५. १९७२ ला ते ईस्ट बंगालला प्रशिक्षक म्हणून आले आणि त्या वर्षी लीगमध्ये संघाने एकही गोल खाल्ला नाही. १९७० पासून १९७५ पर्यंत सलग सहा वेळा लीग, त्यातल्या शेवटच्या चार पी. के. यांच्या हाताखाली. १९७३ ला आयएफए शील्ड या कोलकात्याच्या जुन्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात उत्तर कोरियाच्या प्याँगयाँगच्या संघाला हरवलं. आणि मग ३० सप्टेंबर १९७५. आयएफए शील्डची फायनल, मोहन बागानवर ५-०. श्याम थापाचे दोन, सुरजित सेनगुप्ता, रणजित मुखर्जी, शुभंकर सान्याल. एक पेनल्टी वाया जाऊनसुद्धा पाच!

सासूबाई त्या दिवसाबद्दल अजूनही बोलत नाहीत. मोहन बागानच्या एका तरुण चाहत्याने त्या पराभवानंतर जीव दिला. हे शहर फुटबॉलवर प्रेम करतं असं आपण सहज म्हणतो, पण ते प्रेम किती जड असू शकतं हे इथे राहिल्यावर कळतं. म्हणूनच पुढची गोष्ट मला आजही अचंबित करते. ५-० ने हरलेल्या मोहन बागानने पुढच्याच हंगामात, १९७६ ला, त्याच पी. के. यांना बोलावलं. आणि ते गेले.

पेठेतला_विंगर

एका पेठेच्या प्रशिक्षकानं पाच गोल घालून पुढच्या वर्षी दुसऱ्या पेठेत जायचं? आमच्याकडं हे पचणं अवघड आहे हो ताई. लोकांनी स्वीकारलं कसं?

शर्वरी_बालीगंज

निकालांनी. १९७६ च्या लीगच्या बड्या सामन्यात मोहमद अकबरने सतराव्या सेकंदाला गोल केला, हो, सेकंदालाच. मोहन बागान १-०, आणि ईस्ट बंगालची सहा वर्षांची मालिका तुटली. अकबर आणि त्याचा थोरला भाऊ हबीब, हैदराबादची जोडी. पी. के. यांचा स्वतःचा धाकटा भाऊ प्रसूनही त्याच संघात होता. भावाला प्रशिक्षण द्यायचं आणि बाकीच्यांना पक्षपात वाटू द्यायचा नाही, हे सोपं काम नाही.

१९७७ ची सुरुवात वाईट होती. लीग ईस्ट बंगालकडे गेली, बड्या सामन्यातही हार. लोक चिडलेले. त्याच सप्टेंबरात पेले न्यूयॉर्क कॉसमॉस घेऊन ईडन गार्डन्सवर आले. पावसाने मैदानाचा चिखल झालेला. कार्लोस अल्बर्टोने कॉसमॉसला पुढे नेलं, लगेच श्याम थापाने बरोबरी केली, मग हबीबने आघाडी घेऊन दिली. शेवटी किनालियाच्या पेनल्टीवर २-२ सुटला. पेलेंना गौतम सरकारने आवळून ठेवलं होतं. काही दिवसांतच शील्डच्या फायनलला पुन्हा ईस्ट बंगाल, आणि श्याम थापाच्या गोलवर १-०. मग मुंबईचा रोव्हर्स कप, मग दिल्लीचा ड्युरँड कप. एका हंगामात तिन्ही करंडक, हे आधी कोणत्याही भारतीय क्लबला जमलं नव्हतं.

श्याम थापा हे नाव १९७५ ला विरुद्ध बाजूला होतं, हे पाहिलंत ना? ज्याने मोहन बागानला दोन गोल घातले, त्याच्याचकडून पी. के. यांनी मोहन बागानला करंडक मिळवून दिला.

खरंखोटं

सगळं वाचलं. आदर पूर्ण आहे, पण एक बाजू मांडायलाच हवी.

क्लबांची कपाटं भरली, देशाचं कपाट रिकामं राहिलं. १९६४ ला आशिया कपमध्ये उपविजेते असलेला भारत त्या स्पर्धेत परत पोचला १९८४ ला. १९८२ चं दिल्ली एशियाड घरच्या मैदानावर होतं, प्रशिक्षक पी. के., आणि उपांत्यपूर्व फेरीत सौदी अरेबियाकडून अगदी शेवटी खाल्लेल्या गोलवर ०-१. भावना चेतवून बागान-बंगाल जिंकता येतं, कारण दोन्हीकडचे खेळाडू एकाच तालमीतले. समोर दमसास आणि रचना पक्की असलेला परका संघ आला की भाषण संपतं. त्या पिढीच्या प्रशिक्षकांनी भारतीय फुटबॉलला खेळण्याची एखादी पद्धत दिली का, हा माझा प्रश्न आहे. कोलकात्याचे दुसरे नावाजलेले प्रशिक्षक अमल दत्त निदान तसा प्रयत्न तरी करत होते.

कूपरेजकर

खरंखोटं, प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देणार नाही.

१९८२ चा पराभव मलाही सलतो. पण दोष वाटताना व्यवस्थाही बघा. जगात नव्वद मिनिटं खेळत असताना आपल्याकडे देशातले सामने वर्षानुवर्षं सत्तर मिनिटांचे होते. शेवटच्या वीस मिनिटांत आपले पाय का जड व्हायचे, याचं उत्तर प्रशिक्षकाच्या वहीत नाही, स्पर्धांच्या नियमांत आहे. राष्ट्रीय लीग सुरू व्हायला १९९६ उजाडलं. तोवर देशाचा उत्तम खेळाडू वर्षातले निम्मे महिने एकाच शहराच्या लीगमध्ये त्याच त्याच प्रतिस्पर्ध्यांशी खेळत होता. राष्ट्रीय शिबिर म्हणजे क्लबांकडून खेळाडू ओढून आणायची कसरत.

आणि १९७० चं कांस्य? तिथे तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात आपण जपानला १-० हरवलं. तेच जपान, ज्याने दोनच वर्षांपूर्वी ऑलिंपिक पदक जिंकलं होतं. क्रामरकडे शिकून आल्यावर वर्षभरात. हे नुसत्या भाषणाने झालं असं मी मानणार नाही.

'भाषण' या शब्दाबद्दलही बोलतो. ईस्ट बंगालमागे फाळणीत घरं सोडून आलेल्यांची पिढी उभी होती. मोहन बागानमागे १९११ चा वारसा, अनवाणी पायांनी इंग्रजांच्या संघाला हरवल्याचा. एका क्लबला जे बोलून पेटवता येईल ते दुसऱ्यात मुळीच चालणार नाही. दोन्हीकडे तीच किमया साधायची तर त्या माणसाला खेळाडूंची घरं, गावं, घरचे प्रश्न, सगळं ठाऊक असावं लागतं. ही मेहनत आहे. तिला वक्तृत्व म्हणून बाजूला सारणं मला पटत नाही.

रुळावरचा

कूपरेजकरांना अनुमोदन. एक भर घालतो. रेल्वेच्या संघात सगळे कर्मचारी. कोणी खलाशी, कोणी कारकून, कोणी तिकीट तपासणारा. अशा मिश्र गटात बारा-तेरा वर्षं खेळलेल्या माणसाला कोणाशी कोणत्या भाषेत बोलायचं हे शिकवावं लागत नाही. स्टार खेळाडू म्हणून थेट बड्या क्लबात गेले असते तर हे अंगात मुरलं नसतं, असं मला ठामपणे वाटतं.

मांडवीकाठ

गोव्याहून लिहितोय. अमल दत्तांचं नाव निघालंच आहे तर १३ जुलै १९९७ बद्दल लिहायलाच हवं.

फेडरेशन कपचा उपांत्य सामना, सॉल्ट लेक स्टेडियम, एक लाख एकतीस हजारांहून जास्त प्रेक्षक. मोहन बागानला अमल दत्त, ईस्ट बंगालला पी. के. दत्तांची 'डायमंड' रचना, म्हणजे खेळाडूंची हिऱ्याच्या आकाराची मांडणी, त्या स्पर्धेत सगळ्यांना झोडपत आली होती. सामन्याआधी दत्तांनी ईस्ट बंगालच्या बायचुंग भुतियाला 'चुंगचुंग' म्हणून हिणवलं, त्याच संघातल्या ओमोलोला 'ऑम्लेट' म्हटलं. कोलकात्याच्या वर्तमानपत्रांना दुसरा विषय नव्हता. पी. के. यांनी ते सगळं आपल्या खेळाडूंच्या कानापर्यंत जाऊ दिलं. उत्तर मैदानावर मिळालं: ४-१, बायचुंगची हॅटट्रिक.

मला यात रचनेचाही विजय दिसतो. डायमंडमध्ये मोहन बागानचे बचावपटू वर चढत. त्यांच्या पाठीमागे जी मोकळी जागा पडे, तिथे बायचुंगसारखा चपळ पोरगा सोडायचा. राइट आउट म्हणून आयुष्य काढलेल्या माणसाला बॅकच्या पाठीमागची जागा दिसणार नाही तर कोणाला? पेठेतला_विंगर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापुरतं इथे आहे.

आता गोंयकार म्हणून अभिमानाचं एक वाक्य. त्या स्पर्धेचा करंडक ईस्ट बंगालला मिळाला नाही. अंतिम सामन्यात आमच्या साळगावकरने त्यांना २-१ हरवलं. उपांत्य सामन्याची आठवण सगळे काढतात, फायनलची फक्त आम्ही.

खरंखोटं

मांडवीकाठ, मोकळ्या जागेचा मुद्दा मान्य, चांगला पकडलात. पण म्हणूनच माझी हुरहूर वाढते. १९९७ ला पी. के. एकसष्ट वर्षांचे होते आणि दत्त त्यांच्याहून मोठे. देशातल्या सर्वांत मोठ्या सामन्यात दोन्ही बाकांवर साठी ओलांडलेले प्रशिक्षक. मधली पिढी कुठे होती? त्यांनी शिष्य तयार केले का?

दत्तांबद्दल एक सांगायचं राहिलं. प्रोजेक्टर घेऊन बंगालच्या गावागावांत फिरून ते लोकांना परदेशी फुटबॉलच्या फिती दाखवायचे. या दोघांना एकमेकांविरुद्ध उभं करण्यात आपण जितका वेळ घालवला, तितका दोघांकडून शिकण्यात घालवला असता तर बरं झालं असतं.

पेठेतला_विंगर

हे शेवटचं वाक्य मनापासून पटलं.

शिष्यांचं म्हणाल तर टाटा फुटबॉल अकादमी आहे की. पी. के. १९९१ पासून काही वर्षं तिथं तांत्रिक संचालक होते, जमशेदपूरला, म्हणजे वाढले त्याच गावात. कार्लटन चॅपमन, रेनेडी सिंग हे त्या काळात तिथून बाहेर पडलेले. पुढं दोघंही प्रशिक्षणात उतरले. चॅपमन २०२० ला फार लवकर गेला.

शर्वरी_बालीगंज

पी. के. गेले २० मार्च २०२० ला. साथ नुकतीच सुरू झाली होती, शहर बंद व्हायच्या बेतात होतं. एरवी या शहराने त्यांना कसा निरोप दिला असता याची कल्पना मी करू शकते, तो देता आला नाही. सासरे दिवसभर टीव्हीसमोरून उठले नाहीत. त्या दिवशी सासूबाईंनी त्यांना १९७७ ची आठवण सांगितली आणि दोघांचं एकमत झालं, जे एरवी फुटबॉलवर कधी होत नाही. पुढच्याच महिन्यात, ३० एप्रिलला, चुनी गोस्वामीही गेले. २०२३ ला बलराम गेले.

मांडवीकाठ

अर्जुन पुरस्कार सुरू झाला १९६१ ला, आणि फुटबॉलसाठी तो पहिल्यांदा मिळाला पी. के. यांना. १९९० ला पद्मश्री. २००४ ला फिफाने शताब्दीनिमित्त ऑर्डर ऑफ मेरिट दिलं. हे इथे नोंदलेलं असावं म्हणून लिहिलं.

कूपरेजकर

धन्यवाद मंडळी. शर्वरीताई, तुमच्या सासू-सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. जमलं तर दोघांच्या आठवणी तुम्हीच लिहून काढा, इथे स्वतंत्र धागा करू.

खरंखोटं, अमल दत्तांवर तुम्ही लिहावं अशी विनंती. प्रोजेक्टरवाली गोष्ट सविस्तर वाचायची आहे.

मुंबईकरांसाठी एक काम. रोव्हर्स कप बंद पडूनही वीसहून जास्त वर्षं झाली, आणि १८९१ पासूनची ही स्पर्धा आपल्या शहराच्या आठवणीतून पुसली जातेय. पी. के. यांचे दोन्ही क्लब सत्तरच्या दशकात कूपरेजवर येऊन हा कप घेऊन गेले: १९७२ ला दोघे संयुक्त विजेते, १९७३ आणि १९७५ ला ईस्ट बंगाल, १९७६ आणि १९७७ ला मोहन बागान. मधलं १९७४ गोव्याच्या धेंपोंचं, मांडवीकाठ खूश होतील. ज्यांच्या घरी त्या वर्षांची तिकिटं, कार्यक्रमपत्रिका किंवा कात्रणं असतील त्यांनी फोटो काढून इथे टाकावेत. विशेषतः १९७७ ची. त्या हंगामातल्या तीन करंडकांपैकी एक मुंबईत जिंकला गेला, आणि त्या सामन्याचं मराठी वर्तमानपत्रातलं वर्णन मला अजून मिळालेलं नाही.

पेठेतला_विंगर

कात्रणं बघतो, आमच्या तालमीत जुनी पेटी आहे. आणि २३ जून, म्हणजे पी. के. यांचा वाढदिवस, फुटबॉल महासंघाने तळागाळातल्या फुटबॉलचा दिवस म्हणून ठरवलाय. त्या दिवशी बारा वर्षांखालच्या पोरांचे सामने घेतोय, पावसानं उघडीप दिली तर. नाही दिली तरी घेतोय, पेले चिखलात खेळले तर आमच्या पोरांना काय होतंय. जवळपास असाल तर या.